शब्दाचा वर्ग, वर्गाचं रूप

१. एक रास्त प्रश्न

माहितीचं पुस्तक हातात आलं की पुष्कळ जण ते मागून चाळायला घेतात. मागे शब्दसूची असते: पुस्तकात आलेले अनोळखी शब्द आणि त्यांचे अर्थ, अकारविल्हे लावलेले. नीट पाहिलं तर त्या सूचीत सगळे शब्द सारखे दिसत नाहीत. काही ठळक असतात, काही साधे. एखाद्या अर्थाच्या शेवटी कंसात ‘व.’ असतं. लघुरूपापुढे आधी पूर्ण नाव येतं आणि मग खुलासा, तर मापापुढे एक आकडा देऊन काम संपवलेलं असतं. वाचक विचारतो, हे सगळं कुणी एकेक शब्द धरून हातानं करत बसतं का?

पूर्वी बसत असे. खिळे जुळवून पुस्तकं निघायची त्या काळात जुळाऱ्यापुढे साध्या टाइपाची केस वेगळी आणि ठळक टाइपाची वेगळी असायची. संपादकानं हस्तलिखितात ज्या शब्दाखाली रेघ ओढली तो शब्द ठळक केसमधून उचलायचा. रेघ ओढायची राहिली तर शब्द साधाच जायचा, मग मुद्रितशोधक समासात खूण करायचा, जुळारी तेवढा शब्द उपसून पुन्हा बसवायचा आणि त्या खटपटीत शेजारची ओळ हलायची.

संगणक आल्यावर बहुतेक ठिकाणी रेघेची जागा माऊसनं घेतली, इतकाच फरक पडला. शब्द निवडा, ‘बोल्ड’ दाबा, पुढच्या शब्दावर जा. दोनशे शब्दांची सूची अशीही उरकते. घोळ होतो तो दुसऱ्या आवृत्तीला. लेखक म्हणतो, बोलीतले शब्द आता ठळक नकोत. मग दोनशेतून नेमके बोलीतले कोणते, हे पुन्हा डोळ्यांनी शोधायचं, आणि त्यातले चार-दोन हमखास निसटतात. हे टाळायचं कसं, ते या प्रकरणात पाहू.

२. नांदगाव पेठची एक पुस्तिका

उदाहरण हाताशी असलं की बरं पडतं. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की नांदगाव पेठ येतं. आज त्याची ओळख एमआयडीसीमुळे आहे. तिथे कापडाचे कारखाने आहेत. प्रत्येकी २७० मेगावॅटच्या ५ संचांचं, म्हणजे एकूण १३५० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. पीएम मित्र योजनेतल्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणीही सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. समजा, इथे नव्यानं कामाला लागणाऱ्या मुलामुलींसाठी ‘कापूस ते कापड’ अशी ऐंशी-नव्वद पानांची पुस्तिका काढायची आहे. मुलं आसपासच्या खेड्यांतली. कापूस त्यांनी जन्मापासून पाहिलेला, गिरणीचं तोंड मात्र पहिल्यांदाच पाहणारी.

या पुस्तिकेच्या शब्दसूचीत काय काय येईल? सरकी, रुई, गाठ, उतारा, पेळू, ताणा, बाणा हे धंद्यातले साधे शब्द येतील. एमआयडीसी, सीसीआय, एमएसपी, पंदेकृवि ही लघुरूपं येतील. क्विंटल, खंडी, जीएसएम, मायक्रोनेअर ही मापं येतील. आणि पऱ्हाटी, धुरा, कास्तकार हे वऱ्हाडी शब्दही येतील. ते अमरावतीच्या मुलांसाठी द्यावे लागणार नाहीत, पण पुस्तिका उद्या इचलकरंजीला गेली तर तिथल्या वाचकाला लागतील.

या चार तऱ्हांच्या शब्दांकडून वाचकाला हवं असतं ते एकसारखं नसतं. ‘पेळू’ला अर्थ हवा: पिंजून, विंचरून निघालेल्या तंतूंचा सैल, न पिळलेला दोर. ‘सीसीआय’ला आधी पूर्ण नाव हवं, कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, मग १९७० पासूनची कापूस खरेदी करणारी सरकारी संस्था एवढा खुलासा. ‘गाठ’ हा धंद्यातला शब्द आहे, पण गाठ १७० किलोची असते हा आकडा त्याच्यापासून तोडता येत नाही. ‘खंडी’ तर त्याहून चिवट. रुईची खंडी ३५६ किलोची धरतात, आणि जुन्या लोकांच्या तोंडी असलेली धान्याची खंडी निराळी. तिथे आकडा ठसठशीत दिसायलाच हवा. ‘पऱ्हाटी’ला अर्थ दोन शब्दांचा, कपाशीचं झाड, पण हा शब्द कुठला हे सांगणारी खूण पाहिजे.

जाता जाता उताऱ्याचा हिशेब करून टाकू, कारण सूचीतलं हे एक टिपण मुलांना खरोखर उपयोगी पडतं. कापसातून सरकी काढल्यावर शेकडा जितकी रुई निघते तो उतारा. उतारा ३४ टक्के धरला तर १७० किलोची एक गाठ बांधायला ५०० किलो, म्हणजे ५ क्विंटल कापूस लागतो. अशा टिपणात अर्थ, आकडा आणि उदाहरण असं तिन्ही येतं, आणि ते सगळं एकाच ठोकळ्यात छापलं तर आकडा गर्दीत हरवतो.

३. यादी निराळी, वर्ग निराळा

इथे पहिला गोंधळ होतो. चार तऱ्हांचे शब्द आहेत म्हटल्यावर पुष्कळ जण चार याद्या करतात: परिशिष्ट १ लघुरूपं, परिशिष्ट २ मापं, आणि असंच पुढे. हा एक मार्ग आहे आणि तो आपल्याकडे जुनाही आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राजव्यवहारकोश’ तयार झाला. त्यात शब्द दहा वर्गांत वाटलेले आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. ‘अमरकोशा’पासून चालत आलेली ही रीत आहे. विषय माहीत असेल आणि शब्द हवा असेल, तर ती उत्तम. किल्ल्यासंबंधीचा शब्द पाहिजे? दुर्गवर्ग उघडा.

आपल्या पुस्तिकेच्या वाचकाचं मात्र उलटं आहे. त्याला शब्द दिसलाय, तो कोणत्या जातीचा हे त्याला ठाऊक नाही. ‘मायक्रोनेअर’ हे यंत्राचं नाव, माप की कंपनी, हे ज्याला कळत नाही तो चार परिशिष्टांपैकी कोणतं उघडणार? त्याच्यासाठी सूची एकच हवी, आणि शब्दाची जात त्या एकाच सूचीत, नोंदीच्या रूपावरून कळायला हवी.

याचीही थोर परंपरा मराठीत आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी आणि पुष्कळ वाढवलेली १८५७ ची. त्यात शब्द अकारविल्हे एकाच रांगेत आहेत, आणि शब्द संस्कृतातून आला की फारसी-अरबीतून, याची खूण नोंदीतच केलेली आहे. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला आणि पुरवणी १९५० मध्ये आली. त्यात कंसातल्या एका-दोन अक्षरांवरून शब्द वऱ्हाडी की नागपुरी की गोव्याकडचा हे कळतं. इतका मोठा कोश, पण बोलींसाठी वेगळी परिशिष्टं करण्याची गरज पडली नाही. त्या कोशाची पानं चाळताना कंसातला ‘व.’ भेटला की वऱ्हाडच्या माणसाला आपला गाववाला भेटल्यासारखं होतं, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा दोन प्रश्न सुटे ठेवायचे. शब्द कोणत्या यादीत जाणार, हा एक. तो कोणत्या वर्गाचा आणि म्हणून कसा दिसणार, हा दुसरा. आपल्या पुस्तिकेत पहिल्याचं उत्तर ‘एकाच यादीत’ असं आहे. पुढचं सगळं दुसऱ्याबद्दल.

४. भाव प्रतीला

कापूस खरेदी केंद्रावर काय होतं ते आठवा. ग्रेडर गाडीतला कापूस हातात घेतो, धागा ओढून पाहतो, ओल बघतो आणि प्रत ठरवतो. भाव त्याच्या हातात नाही. भाव फळ्यावर प्रतीपुढे लिहिलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८११० रुपये होता. पुढच्या वर्षी आकडे बदलले की फळ्यावरच्या ओळी पुसून नव्या लिहायच्या. गाड्या पुन्हा तपासायला नकोत.

शब्दसूचीत हेच करायचं. शब्द नोंदवतानाच त्याचा वर्ग ठरवायचा आणि लिहून ठेवायचा. तो कसा दिसेल हे नोंदीत लिहायचंच नाही. रूप वर्गापुढे, एकदाच, दुसरीकडे लिहायचं. उद्या बोलीतले शब्द ठळक नकोत असं ठरलं तर एक ओळ बदलायची आणि सगळे बोली शब्द आपोआप साधे होतील, दहा असोत की दोनशे. निसटायला कुणी उरतच नाही.

यातलं अवघड काम कळ दाबण्याचं नसून ग्रेडरचं आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. ‘जीएसएम’ घ्या. ते लघुरूप आहे, ग्रॅम प्रति चौरस मीटर. आणि ते मापही आहे, कापडाचं वजन सांगणारं. कोणत्या वर्गात घालणार? एका शब्दाला एकच वर्ग, म्हणून निवड करावीच लागते. माझा ठोकताळा असा की वाचक त्या शब्दाशी काय शोधत आला असेल ते पाहावं. विणाई विभागातल्या मुलाला लघुरूप फोडण्यात रस नाही, १८० जीएसएमचं कापड जाड की पातळ हे त्याला कळायचंय. तेव्हा माप. ‘एमएसपी’ मात्र लघुरूपच, कारण त्याच्या पूर्ण नावातच, म्हणजे किमान आधारभूत किमतीत, अर्थ आलेला आहे.

५. संगणकाला हे कसं सांगतात

पुस्तक जुळवण्यासाठी लाटेक नावाची प्रणाली आहे. डोनाल्ड कनुथ या संगणकशास्त्रज्ञाला १९७७ मध्ये स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून इतका वैताग आला की त्यानं अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. तिचं नाव टेक. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्टनं १९८० च्या दशकात रोजच्या वापराला सोपा असा थर चढवला, तो लाटेक. त्यात पान दिसेल तसं रंगवत बसायचं नसतं. मजकुरात ‘हे प्रकरणाचं नाव’, ‘हा शब्द सूचीतला’ अशा खुणा करायच्या आणि रूप एका जागी सांगायचं.

शब्दसूचीसाठी लाटेकमध्ये निकोला टॅलबॉट यांची जोडणी आहे. ‘ग्लॉसरीज’ २००७ मध्ये आली आणि तिचा विस्तार ‘ग्लॉसरीज-एक्स्ट्रा’ २०१५ मध्ये. वर्गानुसार रूप देण्याची सोय या विस्तारात आहे. तिथे प्रत्येक नोंदीला वर्ग असतोच. तुम्ही काही लिहिलं नाही तर ‘सर्वसाधारण’ धरला जातो, लघुरूप म्हणून नोंद केली तर ‘लघुरूप’. हवा तो नवा वर्ग नुसतं नाव देऊन तयार करता येतो. आपली एक नोंद मराठीत लिहिली तर साधारण अशी दिसेल:

शब्द: पऱ्हाटी
वर्ग: बोली
अर्थ: कपाशीचं झाड

यात ‘ठळक’ नाही, ‘(व.)’ही नाही. ते दुसरीकडे, वर्गाच्या नावापुढे:

वर्ग बोली: सूचीत शब्द ठळक, अर्थानंतर ‘(व.)’ जोडा
वर्ग माप: सूचीत शब्द साधा, पानक्रमांक फक्त पहिल्या उल्लेखाचा

‘(व.)’ कुणीही टाइप करत नाही, हे लक्षात घ्या. बोली वर्गातल्या प्रत्येक अर्थाच्या शेवटी ते यंत्र स्वतः जोडतं. त्यामुळे एका नोंदीत ‘(व.)’, दुसरीत ‘(वऱ्हाडी)’ आणि तिसरीत टिंबाशिवाय ‘(व)’ असा धेडगुजरी प्रकार होऊच शकत नाही. ज्यांनी स्मरणिकांची प्रुफं वाचली आहेत त्यांना याची किंमत सांगायला नको.

पानक्रमांकांची सोयही मोलाची आहे. ‘क्विंटल’ हा शब्द पुस्तिकेच्या निम्म्या पानांवर येणार. सूचीत त्याच्यापुढे चाळीस पानांचे आकडे दिले तर ते कोण वाचणार? म्हणून मापांचा फक्त पहिला उल्लेख नोंदवायचा. ‘पेळू’चे मात्र सगळे द्यायचे, कारण तो जिथे जिथे येतो तिथे यंत्राची नवी पायरी असते.

लाटेक तुम्ही वापरत नसाल, तर काही बिघडत नाही. वर्ड, लिब्रेऑफिस आणि इनडिझाइनमध्ये ‘कॅरेक्टर स्टाइल’ असते. शब्द निवडून बोल्ड करण्याऐवजी त्याला ‘बोली’ नावाची स्टाइल लावा आणि त्या स्टाइलमध्ये बोल्ड ठेवा. अर्धं काम तिथेच झालं. अर्थापुढे खूण जोडणं हे बाकीचं काम मात्र तिथे हातानं करावं लागतं.

६. पहिला उल्लेख आणि मराठीचे प्रत्यय

लघुरूपांच्या वर्गाला एक खास गुण असतो: मजकुरात पहिल्यांदा आलं की पूर्ण नाव आणि कंसात लघुरूप, नंतर नुसतं लघुरूप. लेखकानं प्रत्येक ठिकाणी फक्त ‘इथे एमआयडीसी’ अशी खूण करायची. पहिली खेप कोणती हे यंत्र मोजतं. प्रकरणं उलटीपालटी केली तरी पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव येतंच. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी मोजणी पुन्हा शून्यावर आणता येते. आपल्या पुस्तिकेला तेच योग्य, कारण कामगार ती पहिल्या पानापासून वाचणार नाहीत. ज्याचा विभाग सूतकताईचा तो थेट तेच प्रकरण उघडेल.

इंग्रजीत हे सुरळीत चालतं. मराठीत खोडा येतो तो विभक्तीचा. ‘एमआयडीसीत’ असं वाक्यात हवं आहे. पहिल्या उल्लेखाला यंत्र काय करेल? नोंदीनंतर तुम्ही ‘त’ लिहिला असेल तर छापलं जाईल ‘महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी)त’. कंसाला लटकलेला तो ‘त’ पाहून कोणताही मुद्रितशोधक कपाळाला हात लावेल. प्रत्यय पूर्ण नावाला, कंसाच्या आधी चिकटवण्याची सोय या जोडणीत आहे. तरी पेच सुटत नाही. ‘महामंडळ’ला ‘ात’ हवा, ‘एमआयडीसी’ला नुसता ‘त’. एकच प्रत्यय दोघांना चालत नाही, आणि यंत्राला सामान्यरूप कळत नाही.

यावरचा उपाय यंत्रात नाही, वाक्यात आहे. लघुरूपाचा पहिला उल्लेख प्रत्ययाशिवाय येईल असं वाक्य करायचं: ‘महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) या संस्थेनं…’ दुसऱ्या वाक्यापासून ‘एमआयडीसीत’, ‘एमआयडीसीला’ खुशाल लिहा. जुने वृत्तसंपादक हे सवयीनं करायचे, त्यांना कुणी संगणक शिकवला नव्हता.

अनेकवचनाचं आणखी गमतीचं. ही जोडणी मुळात इंग्रजी लक्षात ठेवून केलेली आहे, म्हणून अनेकवचन वेगळं दिलं नाही तर शब्दाच्या शेवटी ती इंग्रजी ‘एस’ अक्षर चिकटवते. ‘गाठ’चं अनेकवचन मागितलं की ‘गाठ’पुढे इंग्रजी एस हजर. ही सवय सुरुवातीलाच बंद करायची आणि ‘गाठी’ नोंदीत स्वतः लिहायचं.

लघुरूपांच्या वर्गाची एक सोय मराठीत दोन तुकडे करायला लावते. पूर्ण नावातली जी अक्षरं घेऊन लघुरूप झालं ती अधोरेखित करण्याची ती सोय. ‘पंदेकृवि’ला ती शोभते: पंजाबराव, देशमुख, कृषी, विद्यापीठ. अकोल्याच्या विद्यापीठाचं हे लघुरूप मराठी अक्षरांतून झालेलं आहे. ‘एमआयडीसी’ मात्र इंग्रजी अक्षरांतून आलं, त्याखालच्या मराठी नावात ती अक्षरं शोधून सापडणार नाहीत. म्हणून ‘मराठी लघुरूप’ आणि ‘इंग्रजी लघुरूप’ असे दोन वर्ग केले तर अधोरेखन फक्त पहिल्याला देता येतं. एवढ्यासाठी दोन वर्ग करावेत का? पुस्तिकेत पंदेकृविसारखी चार-पाच लघुरूपं असतील तर करावेत. एकच असेल तर अधोरेखनाचा मोह सोडावा.

७. देवनागरीला काय शोभतं

इंग्रजी पुस्तकात वर्ग दाखवायला तीन हुकमी साधनं असतात: तिरपा टाइप, मोठी लिपी आणि लहान आकाराची मोठी लिपी. जोडणीत या तिन्हींसाठी तयार गुण आहेत. त्यातले दोन आपल्या कामाचे नाहीत, कारण देवनागरीत मोठी-लहान लिपी असा भेदच नाही. ‘पहिलं अक्षर मोठं करा’ असा गुण लावला तर ‘सरकी’ ही ‘सरकी’च राहते.

राहिला तिरपा टाइप. रोमन लिपीतला तिरपा टाइप हाताच्या वळणातून आलेला, स्वतंत्रपणे घडवलेला आहे. देवनागरीत बहुतेक ठिकाणी संगणक सरळ अक्षरच एका बाजूला ढकलतो. शिरोरेषा आडवी राहते, काना मात्र कलतो, आणि ‘र्ट’, ‘ट्र’ यांसारखी जोडाक्षरं घसरल्यासारखी दिसतात. सूचीच्या बारीक टाइपात तर ते वाचवत नाही. माझं स्पष्ट मत आहे: मराठी शब्दसूचीत तिरपं काही नको.

मग उरतं काय? वजन, कंस, अंतर आणि एखादी खूण. वजनाच्या बाबतीत आता चांगले दिवस आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ हा फॉन्ट सात वजनांत मिळतो. म्हणजे साधा आणि ठळक यांच्या मधलंही काही वापरता येतं: धंद्यातला शब्द मध्यम, बोलीतला ठळक, माप साधं. पण सातही वजनं एका सूचीत वापरायची नसतात. दोन शेजारच्या वजनांतला फरक साध्या वाचकाला दिसत नाही, आणि दिसत नाही तो फरक केला काय अन् नाही काय.

रंग? पुस्तिका एकरंगी छापली जाणार आणि पुढे तिच्या झेरॉक्स निघणार. फिक्या राखाडी टाइपाची तिसरी झेरॉक्स कोरी येते. तेव्हा रंगही नको.

लघुरूपांमध्ये टिंबं घालायची का, हाही वर्गाचाच गुण. ‘म.औ.वि.म.’ असं टिंबांसह लिहिणारे आहेत. ही टिंबं आपोआप घालण्याची सोय इंग्रजी लक्षात घेऊन केलेली आहे, अक्षर झालं की टिंब. संगणकाच्या लेखी मात्र ‘कृ’ म्हणजे ‘क’ आणि ऋकार अशा दोन वेगळ्या खुणा. मग ‘पंदेकृवि’त टिंब ‘क’ आणि ऋकाराच्या मध्ये जाऊन बसायचा धोका असतो. मराठी लघुरूपांच्या वर्गात ही सोय बंद ठेवावी आणि टिंबं हवीच असतील तर हातानं द्यावीत.

८. ळ, ॲ आणि वऱ्हाडातला ऱ्ह

रूप जमलं, आता क्रम. संगणकाला काही सांगितलं नाही तर तो अक्षरं त्यांच्या युनिकोड क्रमांकानं लावतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर. म्हणून संगणकाच्या सूचीत ‘पेळू’ हा शब्द ‘पेव’च्या आधी येतो, आणि मराठी माणूस तो शोधतो त्याच्या पुढे. सूची मोठी असेल तर तो ‘नाहीच दिलेला’ म्हणून पुस्तक मिटतो.

‘ॲ’चं त्याहून वाईट. शासनानं २००९ च्या निर्णयात ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागा दिली. युनिकोडमध्ये मात्र ॲ उशिरा, २००८ मध्ये आला, आणि त्याला जागा मिळाली ती आकड्यांच्याही पलीकडे. त्यामुळे ‘ॲसिड’ थेट सूचीच्या तळाशी जातं. त्यातही जर एकानं ॲ हे सबंध अक्षर टाइप केलं आणि दुसऱ्यानं ‘अ’वर चंद्र चढवला, तर पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन शब्द वाटतात.

आणि वऱ्हाडच्या लेखकाला हा प्रकार घरचाच आहे, कारण खुद्द ‘वऱ्हाड’मध्ये तो आहे. ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराला हलंत करून, किंवा साध्या ‘र’च्या हलंतापुढे एक न दिसणारी जोडखूण देऊन. छापून आल्यावर फरक शून्य. पण एका प्रकरणात ‘पऱ्हाटी’ पहिल्या तऱ्हेनं आणि दुसऱ्यात दुसऱ्या तऱ्हेनं असेल, तर शोधताना अर्धे उल्लेख सापडत नाहीत. वर्गवार पद्धतीचा इथे अनपेक्षित फायदा होतो. शब्द एकाच नोंदीत, एकदाच टाइप झालेला असतो. मजकुरात फक्त त्या नोंदीचा हवाला असतो, त्यामुळे दोन तऱ्हा शिरायला जागाच नसते.

क्रमासाठी दोन उपाय आहेत. टॅलबॉट यांचंच ‘बिब-टू-ग्लस’ हे साधन भाषेचं नाव दिलं की त्या भाषेच्या नियमानं शब्द लावतं. दुसरा उपाय हातचा: नोंदीत एक ‘क्रमासाठी’ रकाना असतो, तिथे शब्द कुठे बसावा ते लिहायचं. कोणताही उपाय केला तरी ळ, ॲ, ऑ, क्ष आणि ज्ञ असलेले शब्द शेवटी डोळ्यांखालून घालावेत. दोनशे शब्दांत असे वीस-पंचवीस निघतील, चहा निवेपर्यंत होतं.

९. किती वर्ग पुरेत

वर्ग करायला पैसे पडत नाहीत, म्हणून हौशी माणूस बारा करतो: यंत्रं, रसायनं, पिकं, संस्था, योजना. करताना मजा येते. पण वर्गाला वेगळं रूप किंवा वेगळी वागणूक मिळणार नसेल तर तो वर्ग कशाला? यंत्र आणि रसायन दोन्ही सूचीत सारखेच छापायचे असतील तर दोन्ही ‘सर्वसाधारण’. अपवाद एकच, पुढच्या आवृत्तीत तो भेद लागणार असल्याची खात्री असेल तर. मग वर्ग आत्ताच नोंदवून ठेवावा आणि रूप तूर्त सारखं द्यावं. दोनशे शब्द पुन्हा चाळण्यापेक्षा ते परवडतं.

आपल्या पुस्तिकेसाठी मी चारच ठेवीन, फार तर लघुरूपं फोडून पाच. सर्वसाधारण शब्द मध्यम वजनात. लघुरूप मध्यम वजनात आणि पुढे पूर्ण नाव, मग स्वल्पविराम देऊन खुलासा. माप साधं, आकडा ठळक. बोली ठळक, शेवटी ‘(व.)’. हमीभावाचा चालू आकडा मात्र सूचीत द्यायचा नाही, तो दरवर्षी शिळा होतो. अर्थ सूचीत, आकडा मजकुरात वर्षासह.

काम डीटीपीवाल्याकडे देताना सूचीची फाइल आणि रूपांचा कागद वेगवेगळे द्यावेत, आणि त्याला स्पष्ट सांगावं की फाइलमध्ये कुठेही हातानं बोल्ड करायचं नाही. तो सवयीनं करेलच, म्हणून पहिलं प्रूफ आल्यावर ‘बोली’चं रूप मुद्दाम बदलून पाहावं. त्यानंतरही जे शब्द ठळक राहिले ते हातानं केलेले. एवढं झालं की त्या पानाची झेरॉक्स काढावी, झेरॉक्सची झेरॉक्स काढावी आणि चारही वर्ग अजून वेगळे ओळखू येतात का ते पाहावं. ‘व.’ म्हणजे काय आणि ठळक शब्द कोणते, याचा दोन ओळींचा खुलासा प्रस्तावनेत घालू नये. तो सूचीच्या पहिल्याच पानावर, अकारादी क्रम सुरू होण्याच्या वर छापावा.